आठाचे पाऊणपट

कोकणात जायचं ठरलं की पुण्यातल्या माणसाच्या अंगात तक्ता संचारतो. मीही केला. तीन दिवस, नऊ किनारे. हर्णै, मुरूड, लाडघर, कोळथरे, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी वगैरे. प्रत्येकाला पंचेचाळीस मिनिटं. आत्यानं तक्ता वाचला आणि त्याच कागदात स्वतःच्या बीपीच्या गोळ्या बांधून घेतल्या.

नकाशावर हे किनारे एकमेकांना खेटून असतात. प्रत्यक्षात मध्ये डोंगर, आणि डोंगर संपतो म्हणावं तर खाडी. परशुरामानं बाण मारून समुद्र मागे हटवला, पण सपाटीकरणाचं काम राहूनच गेलं असावं. बुरोंडीला तो पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. तिथून दर्शन घ्यायचं होतं, पण चिरंजीवांचं तोंड प्लास्टिकच्या पिशवीत होतं आणि पिशवी माझ्या हातात.

दाभोळला वाशिष्ठीची खाडी आडवी. पलीकडे धोपावे इतकं जवळ, की तिथलं कुणी शिंकलं तर इकडून 'शतायुषी हो' म्हणावं. फेरीबोट चुकली तर मात्र चिपळूणचा वळसा. ती चुकली नाही, पण गाडी तिच्यावर उलटी चढवायची होती. उतार ओला, मागे खाडी, आणि मला दिशा दाखवायला चार जण. एक म्हणे 'येऊ द्या', दुसरा 'थांबा', तिसरा नुसताच हात हलवत होता. तो ओळखीच्या कुणाला टाटा करतोय हे नंतर कळलं. चौथी आमची सौ. ती फक्त "अहो!" एवढंच म्हणत होती, पण त्यात सगळं आलं. खाडी दहा मिनिटांत ओलांडली. माझे गुडघे गुहागरपर्यंत थरथरत होते.

गुहागरला अडीच वाजले. एका घराबाहेर 'घरगुती जेवण' अशी पाटी.

"जेवायला मिळेल?"

"मिळेल की."

"काय आहे?"

"आत्ता काही नाही. सकाळी सांगायला हवं होतंत."

"सकाळी आम्ही दापोलीत होतो."

"मग फोन करायचात. नंबर आहे ना पाटीवर."

पाटी त्यांच्याच दारात होती. यावर पुणेकराकडेही उत्तर नसतं. मी गाडीकडे वळलो, तेवढ्यात आतून, "उन्हाचे कुठे निघालात? बसा!" वीस मिनिटांत कुळथाचं पिठलं, गरम भात आणि सोलकढी. तिसऱ्या भाताला तक्त्यातला वेळणेश्वर बुडाला. कुणी हळहळलं नाही.

दुसऱ्या दिवशी हेदवी. दशभुजा गणपतीचं दर्शन घेऊन ठीक बारा वाजता, म्हणजे तक्त्याबरहुकूम, खाली उमामहेश्वराच्या देवळाशेजारी बामणघळीवर पोचलो. कातळाला चीर पडलेली आहे. भरतीला लाट आत घुसते आणि पाण्याचा स्तंभ उंच उडतो. आम्ही चिरेत वाकून पाहिलं. तळाला एक खेकडा होता. त्यानंही आमच्याकडे पाहिलं.

"आज तिथी काय?" आत्यानं विचारलं.

"आत्या, शनिवार आहे."

"तिथी विचारली. अष्टमी. आठाचे पाऊणपट सहा. सहाला भरती, बाराला ओहोटी. काल विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

पाऊणकीचा पाढा माझ्या पिढीला येत नाही. मी मोबाइल काढला. रेंज नव्हती.

तक्ता गुंडाळून सहापर्यंत थांबलो. पाणी आलं. चिरेत शिरलं, 'फस्स' झालं आणि माझा एक बूट भिजला. शेजारी गरी टाकून बसलेले आजोबा मान न वळवता म्हणाले, "भांगाची भरती ही. हिला कुठला जोर? पुनवेला या, उधाणाला."

मी आत्याकडे पाहिलं. ती समुद्राकडे बघत होती, त्यामुळे हसली का ते कळलं नाही. मग तिनं पिशवीतून माझा तक्ता काढला, गोळ्या पदराला बांधल्या आणि कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं, 'पंधराचे पाऊणपट.'

"सव्वाअकरा. पुढच्या शनिवारी," ती म्हणाली. "आणि जेवायचं आत्ताच सांगून ठेव."