‘टॉरंट लावलं की तीन वर्षं आत’: त्या मेसेजला उत्तर

आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर टॉरंटबद्दलचा, म्हणजे मोठ्या फाइली लोकांनी नेटवरून एकमेकांकडून घ्यायच्या पद्धतीबद्दलचा, एक मेसेज अधूनमधून नव्याने उगवतो. वर लाल दिव्यांची रांग, खाली ‘जनहितार्थ’. त्याचं सार असं: टॉरंटचं ॲप मोबाईलमध्ये नुसतं सापडलं तरी तीन वर्षं कैद; ते लावलं की कॉम्प्युटरमधल्या सगळ्या फाइली जगाला दिसतात; त्यात व्हायरसशिवाय काही मिळत नाही; नेट मात्र दुप्पट पळतं. आणि शेवटी सल्ला: ‘फक्त डाउनलोड करा, झालं की लगेच बंद करा, व्हीपीएन लावा, मग कोणी काही करू शकत नाही.’ म्हणजे वरच्या अर्ध्यात घाबरवायचं आणि खालच्या अर्ध्यात पळवाट दाखवायची. भुसावळपासून शहाद्यापर्यंत ज्यांनी तो पुढे ढकलला, त्यातल्या बऱ्याच जणांनी टॉरंट कधी उघडून पाहिलेलंही नसेल. (सुरतला नातेवाईक असलेल्या खान्देशी माणसाला टॉरंट म्हटलं की आधी तिथल्या टॉरंट कंपनीचं वीजबिल आठवतं, ते वेगळं.)

मी कॉम्प्युटर दुरुस्तीही करतो आणि क्लासही चालवतो, त्यामुळे हा मेसेज घेऊन पोरं माझ्याकडे येतातच. एकेक मुद्दा घेतो. सुरुवात मात्र शेवटच्या सल्ल्यापासून करतो, कारण तो का चुकीचा आहे हे कळलं की बाकीचा अर्धा गुंता आपोआप सुटतो.

‘फक्त डाउनलोड करा’

टॉरंटमध्ये ‘फक्त डाउनलोड’ असा प्रकारच नसतो. नेहमीच्या डाउनलोडला एक सर्व्हर असतो. तो देतो, आपण घेतो. टॉरंटमध्ये फाइलचे तुकडे पाडलेले असतात, आणि ज्याच्या हाती जो तुकडा आला तो त्याने लगेच पुढच्याला द्यायला सुरुवात करायची. भरीत-पुरीच्या पंगतीत वेगळा वाढपी न ठेवता जेवणाऱ्यानेच शेजारच्याच्या पानात वाढायचं, तसं हे. ब्रॅम कोहेन या अमेरिकन प्रोग्रॅमरने २००१ मध्ये बिटटॉरंट, म्हणजे टॉरंटची ही मूळ पद्धत, लिहिलं ते एका अडचणीवर. मोठी फाइल एकाच वेळी हजार जणांनी मागितली की सर्व्हर बसतो. इथे मागणारे वाढले की देणारेही वाढतात.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर क्यूबिटटॉरंट हे फुकट आणि जाहिरात नसलेलं ॲप त्याच्या अधिकृत साइटवरून घ्या आणि उबुंटू लिनक्सच्या (विंडोजऐवजी वापरता येणारी फुकट प्रणाली) साइटवर ठेवलेली टॉरंट फाइल त्यात उघडा. ही छोटी टॉरंट फाइल म्हणजे खरी फाइल नव्हे. तिच्यात मुख्यतः नाव, आकार आणि प्रत्येक तुकड्याची ओळख असते. त्या फाइलऐवजी नुसती मॅग्नेट लिंक असेल तर तेवढंही नसतं. एक लांबलचक आकडा-अक्षरांची ओळ असते आणि बाकीचं ॲप इतरांना विचारून मिळवतं. उबुंटूची फाइल साधारण ६ जीबीची. तुकडा २५६ केबीचा धरला तर सुमारे २४ हजार तुकडे झाले.

आता खालचा ‘पीअर्स’ हा टॅब उघडा. एकेका ओळीत एकेक माणूस दिसतो: त्याचा आयपी पत्ता (नेटवर त्याची लाइन ओळखणारा आकडा), देशाचा झेंडा, त्याच्याकडे किती टक्के फाइल आहे, तो आपल्याला किती वेगाने देतोय आणि आपल्याकडून किती घेतोय. ज्याच्याकडे १०० टक्के आहे तो सीडर, बाकीचे लीचर. थोडा वेळ बघत राहिलात तर एक गंमत दिसेल. आपली फाइल जेमतेम ८ टक्के झालेली असते आणि ६० टक्केवाला आपल्याकडून घेत असतो. कारण ॲप तुकडे ओळीने आणत नाही. जो तुकडा सगळ्यांत कमी लोकांकडे आहे तो आधी आणतं. म्हणून नवख्याच्या ८ टक्क्यांतही जुन्याला हवं असलेलं काहीतरी निघतं.

देण्याचा हिशोबही चोख असतो. मूळ रचनेत दर १० सेकंदांनी ॲप बघतं की आपल्याला कोण चांगलं देतंय, आणि त्यांनाच पुढे देतं. दर ३० सेकंदांनी एका जागेवर चिठ्ठी काढल्यासारखं कुणालाही घेतलं जातं, नाहीतर रिकाम्या हाताने आलेल्याला कोणी उभंच करणार नाही. एक विद्यार्थी मला म्हणाला, ‘पण भो, मी तर अपलोडमध्ये शून्य टाकलंय!’ त्याला त्याच्याच स्क्रीनवर दाखवलं: बहुतेक ॲपमध्ये त्या खान्यात शून्य म्हणजे ‘बंद’ नव्हे, ‘मर्यादा नाही’. तो सगळ्यांत जास्त वाटत होता.

थोडक्यात, फाइल पूर्ण झाल्यावर बंद केलं तरी ती येता येताच तुम्ही तिचे तुकडे वाटलेले असतात. हे डोक्यात ठेवून पुढचा मुद्दा वाचा.

‘ॲप सापडलं तरी तीन वर्षं कैद’

ॲप ठेवणं हा भारतात गुन्हा नाही. तसं असतं तर विंडोज वापरणारे सगळेच अडकले असते, कारण विंडोज १० पासून अपडेटचे भाग शेजारच्या कॉम्प्युटरवरून घ्यायची सोय त्यातच आहे. सेटिंगमध्ये ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ शोधा, सापडेल.

तीन वर्षांचा आकडा मात्र हवेतून आलेला नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये ब्लॉक केलेली साइट उघडली की पडद्यावर सूचना यायची, की इथली बेकायदा प्रत पाहणं, डाउनलोड करणं, दाखवणं हा गुन्हा असून तीन वर्षं कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘पाहणं’ हा शब्द वाचून देशभर धांदल उडाली. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी नुसतं पाहणं हा गुन्हा नाही असं स्पष्ट केलं. मालकाचं नुकसान होईल असं वाटप, जाहीर प्रदर्शन, परवानगीशिवाय विक्री किंवा भाड्याने देणं, यात गुन्हा आहे. मेसेज लिहिणाऱ्याने जुन्या सूचनेतला आकडा घेतला आणि नंतरचा खुलासा सोडून दिला.

पण म्हणून सुटलो असं समजू नका. त्या खुलाशात ‘वाटप’ आहे, आणि टॉरंटवर आलेला माणूस वाटतोच. ऑनलाइन बघणारा आणि टॉरंटवाला यांच्यात कायद्याच्या नजरेने फरक पडतो तो इथे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्याला लागतं: सहा महिने ते तीन वर्षं कैद, ५० हजार ते दोन लाख दंड. धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. तरी हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. आणि क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरला तर वेगळं कलम ६३ब आहे, ज्यात चोरीची प्रत जाणूनबुजून कॉम्प्युटरवर वापरणंच पकडलं जातं. डीटीपीवाल्यांनी आणि फोटो स्टुडिओवाल्यांनी हे कलम एकदा वाचावं.

तर प्रश्न फाइल कोणाची, हा आहे. उबुंटू, डेबियन, लिबरऑफिस ही फुकट सॉफ्टवेअर बनवणारे स्वतःच टॉरंट देतात. इंटरनेट अर्काइव्ह देतं. इंटरनेटशिवाय विकिपीडिया वाचायची किविक्सची फाइल टॉरंटने मिळते. नेट नसलेल्या पाड्यावरच्या शाळेसाठी तिच्याइतकी उपयोगी फाइल मला माहीत नाही. पुस्तकांचं म्हणाल तर आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. अमळनेरला शिकवणारे साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेल्या पुस्तकांवरचा हक्क २०१० अखेर संपला. आजच्या आवृत्तीतली नवी प्रस्तावना, चित्रं किंवा कोणी वाचून केलेलं रेकॉर्डिंग यांचा हक्क मात्र वेगळा असतो.

आणि एक बोलूनच टाकतो. एसटी स्टँडजवळ मेमरी कार्ड भरून देणाऱ्या दुकानात अहिराणी गाण्यांचे अल्बम वर्षानुवर्षं पैसे घेऊन भरून दिले गेले. टॉरंटचा त्यात काही संबंध नव्हता, गायकाला त्यातला रुपया गेला नाही, आणि त्यावर जनहितार्थ मेसेज कधी फिरला नाही.

‘सगळ्या फाइली जगाला दिसतात’

ही भीती जुन्या पिढीतली आहे. काझा, लाइमवायर या फाइली वाटायच्या जुन्या प्रोग्रॅमांच्या काळात एक आख्खा फोल्डर शेअर व्हायचा, आणि सेटिंग चुकलं तर घरचे कागदही त्यात जायचे. लाइमवायर २०१० मध्ये न्यायालयाच्या आदेशाने बंद झालं. बिटटॉरंटमध्ये त्या एका टॉरंटमधल्याच फाइली दिल्या जातात. शेजारच्या फोल्डरमधलं आधार कार्ड कोणी मागूच शकत नाही. दिसतो तो आयपी पत्ता. तो मघाच्या टॅबमध्ये जसा आपल्याला इतरांचा दिसला तसा इतरांना आपला दिसतो.

‘व्हीपीएन लावला की मोकळं’

व्हीपीएन म्हणजे आपलं नेट आधी दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून फिरवून नेणारी सोय. तिने त्या पीअर्सच्या यादीत तुमच्याऐवजी व्हीपीएन कंपनीचा पत्ता दिसतो. एवढंच. कृत्य तेच राहतं, कलमही तेच राहतं. आणि एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितलं, त्यावर काहींनी भारतातले सर्व्हरच काढून घेतले. फुकटचा व्हीपीएन तर मुळीच नको. तुमचं सगळं नेट त्याच्या हातातून जातं. इन्कॉग्निटो सुचवणाऱ्यांना काय सांगावं? तो ब्राउझरचा इतिहास लपवतो. टॉरंट ब्राउझरमधून जातच नाही.

‘व्हायरसशिवाय काही नसतं’

प्रत्येक तुकड्याचा गणिती ठसा, म्हणजे हॅश, आधीच ठरलेला असतो. तुकडा आला की ॲप ठसा जुळवतं, जुळला नाही तर फेकून पुन्हा मागवतं. त्यामुळे वाटेत कोणी भेसळ करू शकत नाही. पण बनवणाऱ्यानेच विष घातलं असेल तर तेच विष तंतोतंत पोचतं. ठसा ‘हीच ती फाइल’ एवढं सांगतो, ‘चांगली फाइल’ असं सांगत नाही.

दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये नेहमी दिसणारा नमुना सांगतो. विंडोज फाइलचं शेवटचं नाव लपवून ठेवतं, त्यामुळे ‘सिनेमा डॉट एमकेव्ही डॉट ईएक्सई’ (एमकेव्ही म्हणजे व्हिडिओ, ईएक्सई म्हणजे चालणारा प्रोग्रॅम) ही फाइल ‘सिनेमा डॉट एमकेव्ही’ म्हणून दिसते, चिन्हही व्हिडिओचं लावलेलं असतं. आधी व्ह्यू मेनूतून फाइलची पूर्ण नावं दाखवायला लावा. सिनेमा म्हणून आलेली फाइल ईएक्सई निघाली किंवा ‘बघायला हा प्लेअर टाका’ म्हणाली की डिलीट. सावधगिरी ॲप घेतानाही हवी. २०१६ च्या मार्चमध्ये ट्रान्समिशन या चांगल्या टॉरंट ॲपच्या स्वतःच्या साइटवरची मॅकची प्रत बदलून तिच्यात खंडणी मागणारा प्रोग्रॅम घुसवला गेला होता.

‘नेट दुप्पट पळतं’

नाही पळत. १०० एमबीपीएसचा प्लॅन म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी, टॉरंट असो की नसो. सर्व्हर मंद असला की टॉरंट जलद वाटतं, एवढंच. सीडर नसतील तर ते ९९ टक्क्यांवर चार दिवस बसूनही राहतं. अशा वेळी ‘अव्हेलेबिलिटी’चा आकडा बघा, तो एकच्या खाली असेल तर शेवटचा तुकडा त्या घडीला कोणाकडेच नाही. मोबाईलच्या रोजच्या दीड जीबीवर हा खेळ करूच नका, अपलोडही त्यातूनच कापलं जातं. घरच्या फायबरवर अपलोडला लाइनच्या पाऊण भागाची मर्यादा घाला, नाहीतर घरातल्यांचा व्हिडिओ कॉल अडखळतो आणि शिव्या टॉरंटला बसतात.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट राहिली. क्लासच्या वीस-बावीस मशीनवर एकाच दिवशी लिनक्स टाकायचं असेल तर सगळ्यांनी वेगवेगळं डाउनलोड केलं तर सव्वाशे जीबीच्या आसपास नेट लागेल. क्यूबिटटॉरंटमध्ये ‘लोकल पीअर डिस्कव्हरी’ चालू ठेवलं की एकाच वायरिंगवरची मशीनं एकमेकांना ओळखतात. बाहेरून येणारा तुकडा एका मशीनवर उतरला की तो आतल्या आत सगळीकडे फिरतो, आणि बाहेरच्या लाइनवर भार बराच कमी येतो. मध्येच लोडशेडिंग झालं तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. लाइट आली की ॲप डिस्कवरचे तुकडे तपासतं आणि राहिलेलेच मागतं. ज्याचं १०० टक्के झालं त्याने मशीन बंद करू नये एवढंच मी पोरांना सांगतो. मागच्या बाकावरची मशीनं त्याच्याकडूनच घेत असतात.