मालकांचे उत्तर : मुकुट राजाचाच आहे, साहेब

नमस्कार साहेब. आपल्याला मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहे. दुकानातल्या पोऱ्याने आवाज चढवायला नको होता, त्याला समज दिली आहे.

पण 'दुसऱ्या महायुद्धातला मराठा लाइट इन्फंट्रीचा बिल्ला म्हणून डुप्लिकेट गळ्यात मारला, मुकुट नेटवरच्या फोटोशी जुळत नाही, नव्यासारखा चमकतो, पैसेही परत देत नाहीत' असं लिहून आपण एक स्टार दिलात, ते वाचून जेवण गेलं नाही. आमचं पोट याच नावावर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपण मोबाइलवर दाखवलात तो बिल्ला ब्रिटिश पलटणीचा. त्यावरच्या मुकुटाच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या आहेत, म्हणजे तो राणी एलिझाबेथच्या राजवटीतला. आपल्या बिल्ल्यावरच्या कमानी घुमटासारख्या वर चढतात. तो किंग्ज क्राउन, १९०१ ते १९५२ मधला. राणी गादीवर आली फेब्रुवारी १९५२ मध्ये. आपण २६ जानेवारी १९५० लाच प्रजासत्ताक झालो, मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले. मग मराठा जवानाच्या टोपीवर तिचा मुकुट येणार कुठून? तसा बिल्ला कोणी दिला तर मात्र घेऊ नका, तो नक्की बनावट.

चमकण्याचं म्हणाल तर, राग मानू नका, आमच्याकडून गेला तेव्हा तो काळपट होता, कोपऱ्यांत कळकलेला. कागदात गुंडाळताना 'घासू नका' म्हटलंही होतं. परत आणलात तेव्हा त्याला चिंचेचा वास येत होता! बिगुलाचे कंगोरे बुजले, इतक्या वर्षांचा थर गेला. आता तो मी कुणाला, कुठल्या भावाने विकू? पैसे परत न देण्याचं कारण एवढंच.

ऑनलाइन तीनशेला मिळतात ते बहुतेक खऱ्यावरून साचा काढून ओतलेले. किंचित लहान, जाड, मागे बारीक छिद्रं. (युद्धकाळात इथेही काही बिल्ले ओतून होत, त्यामुळे ओतीव तेवढा खोटा असंही नाही.) आपला ठशावर दाबून काढलेला आहे. उलटा करून पाहा, पुढची नक्षी मागे खोलगट दिसेल.

पावतीवर यापुढे जास्त माहिती लिहून देण्याचं बघतो. बुधवारी आणि रविवारी मी जुन्या बाजारात असतो, एरवी दुकानातच. बिल्ला घेऊन या, भिंग माझ्याकडे आहे. खात्री पटली तर त्या एका स्टारचंही जरा बघा.