'आजीचा बटवा' म्हणणाऱ्या डॉक्टरांना उत्तर

नमस्कार डॉक्टर,

काम्पो, म्हणजे जपानची पारंपरिक औषधपद्धती, तिच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा त्यातले मुद्दे मोजायला आणि तिसऱ्यांदा आपलंच काही चुकलंय का ते बघायला. खाली दोन ओळींत उत्तर देता आलं असतं, पण ते मला पुरणार नव्हतं, म्हणून हे वेगळं लिहिते आहे.

ज्यांनी ती प्रतिक्रिया पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डॉक्टरांचं म्हणणं असं : जपानी काढ्यांवरच्या चाचण्या लहान आहेत आणि त्यांत कंपन्यांचा पैसा आहे; शोसाइकोतो हा यकृतदाहावरचा काढा घेऊन माणसं दगावली याबद्दल लेखात चकार शब्द नाही; काढ्यांतल्या ज्येष्ठमधाने रक्तातलं पोटॅशियम उतरतं हे मी एका ओळीत गुंडाळलं; विम्यात 148 काढे आहेत हा आकडा चुकीचा आहे. आणि शेवटी हे वाक्य : "आजीच्या बटव्याला जपानी वेष्टन घातलं म्हणून त्याचं औषध होत नाही. ताई, तुम्ही भाषांतरं करा, औषधांचं आम्ही बघतो."

आधी आकड्याचं. तुमचं बरोबर आहे. जपानच्या राष्ट्रीय आरोग्य विम्यात काम्पोची 148 औषधं आहेत, पण त्यातले 147 काढ्यांचे अर्क आणि एक मलम आहे, शिउन्को नावाचं. मी सगळ्यांनाच 'काढे' म्हटलं. चूक माझी, लेखात दुरुस्त केली आहे. आभार.

आता त्या शेवटच्या वाक्याचं.

'ताई' या शब्दाला माझी हरकत नाही. वेंगुर्ल्याच्या बाजारात मासेवाली मला ताई म्हणते तेव्हा बरं वाटतं. तुम्ही मात्र तो शब्द दार लावून घ्यायला वापरलात. मी डॉक्टर नाही हे माझ्या ओळखीच्या पहिल्याच ओळीत लिहिलेलं आहे, ते तुम्ही शोधून काढलेलं नाही. मी पुण्यात जपानी शिकले आणि गेली एकोणीस वर्षं वैद्यकीय भाषांतर करते, त्यातली अकरा वर्षं जपानात राहून केली. शस्त्रक्रियेची संमतिपत्रं, औषधांची माहितीपत्रकं, दुष्परिणामांचे अहवाल. औषधाच्या खोक्यातला घडी घातलेला कागद बहुतेक जण न उलगडता फेकून देतात. माझं पोट त्या कागदाच्या ओळीन् ओळीवर चालतं. त्यातला एक दशांश चिन्हाचा फरक चुकला तर काय होतं हे मला माहीत आहे. तेव्हा "औषधांचं आम्ही बघतो" हे तुमच्या पेशंटला सांगा. मला सांगायचं असेल तर आधी माझं कुठलं वाक्य चुकलं ते सांगा. आकड्याचं सांगितलंत, ते मी मान्य केलं. बाकी एकाही वाक्यावर तुम्ही बोट ठेवलेलं नाही.

आणि बटवा. माझ्या आजीचा बटवा मी पाहिलेला आहे. मुरडशेंग, वेखंड, मायफळ, सुंठ, हळकुंड, अतिविष. सहाणेवर बाळगुटी उगाळताना ती वळसे मोजायची. वेखंडाचा एक वळसा जास्त झाला तर सगळं धुऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. त्या बाईला मात्रा म्हणजे काय हे कळत होतं. 'आजीचा बटवा' ही तुम्हाला शिवी वाटते, हेच मला पहिल्यांदा खटकलं.

तरीही काम्पो म्हणजे आजीचा बटवा नाही, आणि माझ्या मूळ लेखाचा सगळा रोख यावरच होता. तो भाग तुम्ही वाचलाच नाही असं दिसतं, म्हणून पुन्हा सांगते. हे शास्त्र चीनमधून जपानात आलं. चिनी वैद्य चांग चुंगचिंगचा इसवी सन 200च्या आसपासचा ग्रंथ त्याचा पाया. पुढे जपानी वैद्यांनी त्याला आपलं वळण दिलं. अठराव्या शतकातल्या योशिमासु तोदोने पोट चाचपून निदान करण्यावर भर दिला. काम्पोचे जपानी डॉक्टर आजही पोट दाबून बघतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मेइजी काळात, सरकारने पाश्चात्त्य वैद्यक स्वीकारलं, आणि काम्पो वैद्यांचा परवाना चालू ठेवण्याचं विधेयक 1895 साली संसदेत फेटाळलं गेलं. त्यानंतर काम्पो द्यायचं असेल तर आधी आधुनिक वैद्यकाचा परवाना हवा. आपल्याकडे बीएएमएस वेगळं आणि एमबीबीएस वेगळं, तसं तिथे नाही. तिथे वैद्याचा वेगळा परवानाच नाही. जो सर्जन पोट उघडतो तोच काढ्याचं प्रिस्क्रिप्शन लिहितो, एकाच कागदावर, अँटिबायोटिकच्या खाली.

1967 साली पहिले काही अर्क विम्यात आले, 1976 साली मोठी भर पडली, 2001 साली वैद्यकीय शिक्षणाच्या मूळ अभ्यासक्रमात काम्पोचा समावेश झाला. 2009 साली खर्चकपातीच्या सरकारी समितीने ही औषधं विम्यातून काढायचा प्रस्ताव आणला. त्याविरुद्ध डॉक्टर आणि रुग्णांनी लाखो सह्या गोळा केल्या आणि प्रस्ताव बारगळला. अर्काची पुडी कारखान्यात भरली जाते, तिच्यावर नंबर असतो. काक्कोन्तो 1, रिक्कुन्शितो 43, शाकुयाकु-कान्झोतो 68, दाइकेनचूतो 100. नर्सही नंबरानेच बोलतात. अनेक अर्कांत कुठलं द्रव्य किती असावं याच्या मर्यादा जपानच्या औषधसंहितेत दिलेल्या आहेत. याला तुम्ही 'वेष्टन' म्हणता. मोजमाप, नोंद, परवाना आणि जबाबदार माणूस यांना वेष्टन म्हणायचं असेल तर तुमच्या दवाखान्यातल्या गोळ्यांनाही तेच वेष्टन आहे.

तुम्ही मधेच असंही टोमणा मारून गेलात की काढ्यावर कुणी शस्त्रक्रिया केल्याचं ऐकलं नाही. मग ऐका. 13 ऑक्टोबर 1804 रोजी, आजच्या वाकायामा भागात, हानाओका सेइशू या वैद्याने एका साठ वर्षांच्या बाईच्या स्तनातली कर्करोगाची गाठ तिला पूर्ण बेशुद्ध करून काढली. भूल पोटात द्यायच्या काढ्याची होती, त्यात धोतरा आणि बचनाग वर्गातली द्रव्यं. बोस्टनमधलं ईथरच्या भुलेचं गाजलेलं प्रात्यक्षिक 1846 सालचं. बेचाळीस वर्षांनंतरचं.

आता माझं. हे मूळ लेखात लिहिलं नव्हतं, कारण लेख माझ्याबद्दल नव्हता. पण तुम्ही विचारलंत की "तुमचा अनुभव काय?"

भारतात झालेल्या एका जुन्या ऑपरेशनमुळे माझ्या पोटात आतडी चिकटली होती. जपानात असताना एका रात्री आतड्याचा मार्गच बंद पडला. नाकातून नळी, सलाईन, चार दिवस तोंडात पाणी नाही. ते सगळं आधुनिक वैद्यकानेच केलं आणि त्यानेच मी वाचले. हे मी कधी नाकारलेलं नाही. पाचव्या दिवशी सर्जनने पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "पोट आतून गार पडल्यासारखं वाटतं का?" मी थक्क झाले. तिसऱ्या दिवसापासून मला तेच वाटत होतं, पण भारतात कुठल्या सर्जनला हे सांगायची माझी हिंमत झाली नसती. त्यांनी 100 नंबर, म्हणजे दाइकेनचूतो, लिहून दिला. एका वेळी दोन पुड्या, दिवसातून तीनदा, जेवणाआधी कोमट पाण्यातून. दिवसाला 15 ग्रॅम. पुढे त्याच औषधाचं माहितीपत्रक माझ्याकडे भाषांतराला आलं तेव्हा पाहिलं, अधिकृत उपयोगाच्या रकान्यात शब्दशः तेच होतं : पोट गार पडून दुखणे, पोट फुगणे.

पहिली पुडी पाण्यात पडली आणि वास आला तो तिरफळाचा. मी कोकणातली आहे, बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं पडतात, तो वास मी झोपेतही ओळखेन. दाइकेनचूतोत वाफवून वाळवलेलं आलं, जिनसेंग, धान्यापासून केलेली माल्टोज साखर आणि सान्शो असतं. सान्शो म्हणजे जपानी मिरी, आणि ते व आपलं तिरफळ झँथोझायलम या एकाच वंशातले. जिभेला जी झिणझिण येते ती त्यातल्या सान्शूल नावाच्या द्रव्याने. हे द्रव्य आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंवर काम करतं, त्याने आतड्याची हालचाल आणि रक्तपुरवठा वाढतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पोटात गुडगुड झाली. परक्या देशात, पाच दिवसांनी, स्वतःच्या पोटाचा आवाज ऐकून मी रडले. पुढची तीन वर्षं मी ते अधूनमधून घेतलं आणि आतडी पुन्हा अडली नाहीत.

याला तुम्ही किस्सा म्हणाल, पुरावा नाही म्हणाल. त्या खाटेवर मी होते, तुम्ही नव्हता.

चाचण्यांचं म्हणाल, तर मी त्या वाचलेल्या आहेत. यकृताच्या शस्त्रक्रियेनंतर दाइकेनचूतोने पहिल्या शौचापर्यंतचा वेळ काही तासांनी कमी झाला, मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्याच मोजमापात फरक दिसला नाही. केमोथेरपीने हातापायांना येणाऱ्या मुंग्यांसाठी गोशाजिंकिगान हे काम्पो औषध देऊन पाहिलं ती चाचणी तर मधेच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांना मुंग्या जास्त आल्या. योकुकान्सान या दुसऱ्या काम्पो औषधाने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची चिडचिड कमी झाल्याचं 2005च्या 52 जणांच्या चाचणीत दिसलं, पुढच्या मोठ्या चाचणीत तो फरक टिकला नाही. हे निकाल जपानी संशोधकांनी स्वतः छापले. कंपनीच्या पैशाबद्दल मला बोलायचं नाही. ते सगळ्याच औषधांना लागू आहे आणि तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

शोसाइकोतोबद्दल. माझा लेख पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या उपयोगांवर होता, यकृतदाहावर नव्हता, म्हणून ते नव्हतं. लपवायचं असतं तर आत्ता लिहिलं नसतं : हे औषध घेणाऱ्या 88 रुग्णांना फुफ्फुसांचा गंभीर दाह झाला आणि त्यातले 10 दगावले, असं जपानच्या आरोग्य मंत्रालयाने मार्च 1996 मध्ये तातडीचं पत्रक काढून सांगितलं. त्याआधी 1994 सालीच इंटरफेरॉन या यकृतदाहावरच्या इंजेक्शनबरोबर ते देण्यावर मनाई आली होती. तुम्ही हे आकडे माझ्या तोंडावर फेकलेत. हे आकडे तुम्हाला मिळाले कुठून? ते औषध परवानाधारक डॉक्टरने लिहिलं, विम्याच्या नोंदीत चढलं, रुग्ण दवाखान्यात परत आला आणि कुणीतरी ते कळवलं, म्हणून मिळाले. आपल्याकडे कुणी दुकानातून आणलेलं चूर्ण सहा महिने खाल्लं आणि त्याच्या फुफ्फुसांना काही झालं, तर ते 88 मध्ये धरायला कोण बसलंय? पेशंट तुम्हाला सांगतच नाही की तो काय खातो, कारण सांगितलं तर तुम्ही "बटवा" म्हणून हसाल. जपानातल्या सर्जनने मला पोट गार आहे का विचारलं आणि मी खरं सांगितलं, एवढाच फरक आहे, आणि माझ्या मते तोच मोठा आहे.

"तुमचा लेख वाचून कुणी औषधं बंद केली तर जबाबदार कोण?" या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. 'औषध बंद करा' असं माझ्या लेखात कुठेही नाही.

ज्येष्ठमधावर मात्र एक ओळ कमी पडली, हे मी मान्य करते. तुमच्यामुळे नव्हे. तुमच्या प्रतिक्रियेखालीच एका वाचक काकूंनी लिहिलं आहे की त्यांच्या यजमानांच्या पोटऱ्यांत रात्री गोळे येतात आणि 68 नंबर, म्हणजे शाकुयाकु-कान्झोतो, परदेशातून मागवायचा विचार आहे. काकू, मागवू नका. त्या औषधात शाकुयाकु (पिओनी या फुलझाडाचं मूळ) आणि ज्येष्ठमध अशी दोनच द्रव्यं आहेत आणि ज्येष्ठमधाचं प्रमाण मोठं आहे. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनने मूत्रपिंडातलं एक विकर (एन्झाइम) दबतं, त्यामुळे शरीरात मीठ-पाणी साठतं, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. तुम्ही लिहिलंय की यजमानांना लघवी जास्त होण्याची गोळी चालू आहे. अशा बऱ्याच गोळ्यांनीही पोटॅशियम उतरतं. दोन्ही एकत्र झालं तर स्नायू गळून जातात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पोटऱ्यांचं दुखणं त्यांच्या डॉक्टरांना सांगा, पोटॅशियम तपासून घ्या, आणि घरात ज्येष्ठमधाचा काढा किंवा गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. डॉक्टर हसले तरी सांगा.