नाझ्का रेषा म्हणे फक्त विमानातूनच दिसतात!

दर दोन-चार महिन्यांनी हे फॉरवर्ड फिरून येतंच. जमिनीवर आखलेल्या हमिंगबर्डच्या प्रचंड चित्राचा विमानातून काढलेला फोटो आणि खाली मजकूर: ‘पेरूच्या वाळवंटातल्या नाझ्का रेषा फक्त आकाशातून दिसतात. दोन हजार वर्षांपूर्वी विमानं नव्हती. इतकी अचूक चित्रं माणसाला अशक्य. या परग्रहवासीयांच्या धावपट्ट्या. शास्त्रज्ञही निरुत्तर!’ मी तिथे जाऊन आलोय, त्यामुळे या वेळी गप्प बसवेना.

‘फक्त आकाशातून’ हे पहिलं. पॅन-अमेरिकन हायवेच्या कडेला एक मनोरा आहे, जेमतेम १३ मीटर उंच. जिना चढून वर गेलं की झाड आणि दोन हात ही चित्रं स्वच्छ दिसतात. एका हाताला चारच बोटं आहेत, तीही मोजता येतात. शेजारच्या सरड्याच्या अंगावरून थेट हायवे गेलाय, हे काम मात्र आपल्या काळातल्या शहाण्यांचं. मनोरा अलीकडचा हे मान्य, पण टेकड्या तर तेव्हाही होत्या ना? १९२७ मध्ये पेरूचे पुरातत्त्वज्ञ तोरिबिओ मेहिया शेस्पे यांना या रेषा दिसल्या त्या टेकड्यांमधून पायी हिंडताना. ज्याला हौशी मंडळी ‘अंतराळवीर’ म्हणतात, तो तर डोंगरउतारावरच काढलाय, खालून दिसेल असा. जपानच्या यामागाता विद्यापीठाने आयबीएमच्या मदतीने शोधलेल्या ३०३ नव्या आकृत्या २०२४ मध्ये जाहीर केल्या. त्यांतल्या बऱ्याचशा लहान आहेत आणि जुन्या पायवाटांच्या कडेला आहेत. वाटसरूंसाठीच म्हणा ना.

विमानातून चित्रं झकास दिसतात, यात वाद नाही. मीही बसलो त्या छोट्या विमानात. प्रत्येक चित्रासाठी ते आधी डावीकडे कलतं, मग उजवीकडे, आणि माकड येईपर्यंत निम्मे प्रवासी पिशवीत तोंड घालून बसलेले असतात.

आता ‘अशक्य’. तिथली जमीन वरून तांबूस-काळपट खड्यांनी झाकलेली आहे. खडे बाजूला सारले की चार-सहा इंचांखाली फिकट पिवळट माती लागते. खडे कडेला रचायचे, झाली रेष. पाऊस नावापुरताच, त्यामुळे ती टिकली. राहिला आकार. छोट्या चित्रावरून मोठं करायला खुंट्या आणि दोरी पुरते. आपला गवंडी लाइनदोरी लावून पाया आखतो, तसंच. काही रेषांच्या टोकांना लाकडी खुंट सापडलेही आहेत. १९८२ मध्ये अमेरिकेत अशा गूढ दाव्यांची छाननी करणाऱ्या जो निकेल यांनी मोजक्या माणसांना हाताशी धरून, लाकूड आणि दोरीच्या जोरावर नाझ्कातलाच १३४ मीटरचा काँडोर (गिधाडासारखा पक्षी) शेतात आखून दाखवला. वरून बघून सूचना देणारं कोणी नव्हतं.

धावपट्टीवर फार शब्द खर्च करायला नकोत. अशा भुसभुशीत जमिनीवर जड यान उतरलं तर रुतेल. शिवाय माकडाच्या गुंडाळलेल्या शेपटीवर नेमकं काय उतरवायचं होतं?

‘निरुत्तर’ तर अजिबात नाही. रेषा का काढल्या यावर मतभेद आहेत. जर्मन गणितज्ञ मारिया रायखं यांनी ते आकाशाचं पंचांग मानून आयुष्य तिथे घालवलं, तर खगोलशास्त्रज्ञ जेराल्ड हॉकिन्स यांनी संगणकावर ताडून पाहिलं तेव्हा मेळ बसला नाही. चालत मिरवणूक न्यायची असावी, पाण्यासाठी काही विधी असावेत, असं आज अनेकांना वाटतं. पण ‘कशासाठी’ यावर वाद आहे म्हणून ‘कोणी’ हे अज्ञात ठरत नाही. काही आकृत्या आधीच्या पाराकास लोकांच्या, बाकी बहुतेक नाझ्कांच्या. रेषांवर त्यांच्या मडक्यांची खापरं पडलेली सापडतात आणि त्या मडक्यांवर तसलेच पक्षी, तसलेच मासे रंगवलेले असतात. रेषांजवळच्या काउआचीला त्यांचं कच्च्या विटांचं भलंमोठं धर्मस्थळही उभं आहे.

माझ्या बरोबरचे बहुतेक जण विमानातून उतरून थेट बसमध्ये बसले. मी नाझ्का गावाजवळच्या कांतायोकला गेलो. तिथे दगडांनी बांधलेले शंखाकृती खड्डे आहेत, खाली भुयारी पाट. त्यांच्या वयावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण बरेच जण ते नाझ्कांचेच मानतात. वळणावळणाने तळाशी उतरलो, हात घातला. पाणी गार होतं आणि वाहत होतं. वर शेतं हिरवी होती.