‘50 वर्षांचा’ कोळंबीसाठा आणि रावेरचे केळीचे पैसे

गेले काही दिवस एक व्हिडिओ आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरतोय. दावा असा: सरकारी जहाजाने उपग्रह आणि सोनार (पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारं यंत्र) लावून अरबी समुद्रातली कोळंबी मोजली, 50 वर्षं पुरेल एवढा साठा सापडला, तेव्हा ट्रॉलरचं (जाळं ओढणाऱ्या मासेमारी बोटीचं) एक लाखाचं ‘युनिट’ घ्या आणि बाराही महिने घरबसल्या हप्ता खा. मी हसून सोडून दिलं होतं. पण परवा रावेरहून मावसभावाचा फोन आला. केळीची कटाई झाली, व्यापाऱ्याचे पैसे खात्यावर जमा झाले, आणि हा विचारतो, “दादा, सरकारी सर्व्हे आहे भो, टाकू का?” याच घरात मावशीचे एका पतसंस्थेत अडकलेले पैसे अजून निघालेले नाहीत. त्यामुळे हे चिडूनच लिहितोय.

उपग्रहाचं आधी उरकतो. उपग्रहाला दिसतो तो समुद्राच्या वरच्या थराचा रंग आणि तापमान. त्यावरून हैदराबादची इन्कॉइस संस्था मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे ते कळवते. तळाशी चिखलात बसलेली कोळंबी त्यात दिसत नाही. सोनारही इथे फार कामाचा नाही. माशाचा प्रतिध्वनी मुख्यतः त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे येतो. कोळंबीला ती पिशवीच नसते. त्यात ती तळाला चिकटलेली, कित्येक जाती दिवसा चिखलात गाडून घेणाऱ्या.

मग मोजतात कशी? जाळं ओढून. सरकारी जहाज आहे, हे मात्र मान्य करायला हवं. मुंबईला भारतीय मत्स्य सर्वेक्षण आहे, त्यांची जहाजं हेच काम करतात. केरळात कोल्लमसमोरच्या खोल पाण्यातली कोळंबी अशाच सर्वेक्षणांतून आधी कळली, बोटी मागाहून गेल्या. पण पद्धत आपल्या तलाठ्याच्या पीक कापणी प्रयोगासारखीच: थोडा तुकडा कापायचा आणि त्यावरून सगळ्या शिवाराचा अंदाज बांधायचा.

समजा जाळ्याची वरची दोरी 30 मीटर. ओढताना तोंड साधारण निम्मं उघडतं, म्हणजे 15 मीटर. तासाला साडेपाच किलोमीटरने तासभर ओढलं तर जवळपास 20 एकर तळ झाडला जातो. त्यात 10 किलो कोळंबी आली, तर एकरी अर्धा किलो. आता खरी मेख. वाटेत होती ती सगळी कोळंबी जाळ्यात आली, की निम्मी निसटली? संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 1998 मध्ये स्पार आणि वेनेमा यांची उष्ण कटिबंधातल्या मत्स्यसाठ्यांवरची पुस्तिका सुधारून काढली. वाटेतल्या मालापैकी किती हिस्सा जाळ्यात येतो, हा आकडा 0.5 ते 1 यांच्या मधला धरतात असं तिच्यात सरळ लिहिलंय. म्हणजे 1 च्या जागी 0.5 धरला की समुद्रात एकही कोळंबी न वाढता साठा दुप्पट! व्हिडिओवाल्याने कोणता धरला? त्याला बहुधा असा आकडा असतो हेच माहीत नाही.

आणि ‘50 वर्षं पुरेल’ म्हणजे काय? कोळसा आहे का तो? कोळंबीचं आयुष्य वर्ष-दोन वर्षांचं. अंडी समुद्रात, पिल्लं खाडीत वाढणार, मोठी होऊन परत समुद्रात जाणार. एखादं वर्ष पिल्लांना मानवलं नाही की पुढच्या वर्षीचा माल कमी. सर्वेक्षण सांगतं ते त्या दिवसांत, त्या पाण्यात किती होती एवढंच. पकडायची किती, हा हिशोब निराळा. यंदाची कपाशी एकरी किती निघाली यावरून 2070 चा कापूस कोणी विकायला लागला, तर आपण त्याला गावात उभं करू का?

बाराही महिने हप्ता? जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तेव्हा हप्ता कुठून येणार, नवीन गुंतवणूकदाराच्या खिशातून?

व्हिडिओत कारखान्यातली पांढरी, एकसारखी कोळंबी दाखवलीय आणि ‘निर्यातीत कोळंबी पहिली’ म्हटलंय. तेवढं खरं आहे. गोठवलेली कोळंबी आपल्या मासळी-निर्यातीत सगळ्यात पुढे आहे. पण ती बहुतेक तळ्यांत वाढवलेली व्हेनामी, मूळची मेक्सिको ते पेरूच्या पॅसिफिक किनाऱ्याची, भारतात 2009 पासून परवानगी मिळालेली, आणि सगळ्यात जास्त आंध्रातली. तुमच्या ट्रॉलरचा तिच्याशी संबंध नाही. आपल्या आठवडे बाजारातल्या सुकटीशीही नाही. तो बहुतेक जवळा, म्हणजे कोळंबीसारखाच पण अगदी बारीक जीव असतो.

भावाला मी म्हटलं, त्या माणसाला तीनच गोष्टी विचार: सर्व्हे कोणत्या साली झाला, किती खोलीवर आणि जाळं किती वेळा ओढलं. शिवाय लोकांकडून ठेवी घ्यायची परवानगी कोणाची, तेही. 2019 च्या कायद्याने अनियंत्रित ठेवयोजनांवर बंदी आहे.

त्याने विचारलं. उत्तर आलं, “सर, लवकर करा, युनिट संपत आलेत.”