प्लास्टिक कुजत नाही, तरी वायर म्हातारी होते

‘प्लास्टिक शेकडो वर्षं कुजत नाही म्हणतात, मग भिंतीतली वायर कशी खराब होईल, मेगर (वायरीवरचं आवरण तपासायचं यंत्र) लावला की सगळं ओके येतं, उगाच लोकांना घाबरवू नका’ ही तुमची कमेंट वाचली आणि खरं सांगू का, अर्धी पटली. ‘25 वर्षं झाली की सरसकट सगळी वायर बदला’ असं मी आधीच्या पोस्टमध्ये ठोकून दिलं होतं ते चुकलंच, वायरचं वय कॅलेंडर बघून नाही ठरत, ती किती तापली त्यावर ठरतं.

कुजत नाही हे बरोबरच, पण वायरीवरचं प्लास्टिक नुसतं टिकून काय उपयोग, ते वाकलं पाहिजे ना. हे प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी, मुळात पाण्याच्या पाईपासारखं कडक, ते मऊ करायला त्यात प्लास्टिसायझर नावाचा तेलकट द्रव घालतात, आणि तो काही पीव्हीसीला जोडला जात नाही, नुसता आत शिरून बसतो, त्यामुळे उष्णतेने हळूहळू निघूनही जातो. थर्मोकोलवर बरेच दिवस पडलेली वायर उचलून बघा, खाली वितळल्यासारखी चर पडलेली असते, तो वायरीतून निघालेल्या याच द्रवाचा प्रताप. शिवाय पीव्हीसी फार तापलं की हायड्रोजन क्लोराइड नावाचा वायू सुटतो आणि तोच पुढची मोडतोड वाढवतो, त्याला आवरायला पीव्हीसीतच स्टॅबिलायझर नावाचा पदार्थ मिसळलेला असतो पण तोही कधीतरी संपतो. साध्या पीव्हीसी वायरीची मर्यादा 70 अंश, त्यावर दर 10 अंशाला आयुष्य साधारण निम्मं (ढोबळ हिशोब हं).

म्हणूनच एकाच वायरीला दोन वयं असतात. मी एकदा जुना बल्बचा होल्डर उघडला तर होल्डरपाशी चार बोटं वायर जरा वाकवली आणि खपली निघावी तसं इन्सुलेशन गळून तांबं उघडं पडलं, आणि तीच वायर पाईपात हातभर आत एकदम मऊ!

आता मेगर. तडे गेलेलं इन्सुलेशन कोरडं असलं आणि तारा एकमेकींना टेकत नसल्या की मधली हवाच इन्सुलेशनचं काम करते, 500 व्होल्टला रीडिंग झकास येतं, मग ओल आली किंवा कुणी बोर्ड उघडून वायर हलवली की बोंब.

तेव्हा एक करा, वायरमनला मेन बंद करून गिझरचा पॉइंट उघडायला सांगा, टर्मिनलजवळची वायर बघा आणि कशी निघाली ते इथेच लिहा, मऊ निघाली तर तसंही लिहा.