ओटा गेला, पार्किंग आलं

गेल्या रविवारी पुण्यात आमच्या नारायण पेठेतल्या गल्लीत हेरिटेज वॉकवाले आले होते. वीस-पंचवीस जण, गळ्यात कॅमेरे. शेजारच्या वाड्याच्या दिंडी दरवाज्यापाशी उभी राहून एक मुलगी अगदी कळवळून म्हणाली, "हे पाडू देता कामा नये." वरच्या खिडकीतून काकूंचा आवाज आला, "मग या राहायला. सकाळी सहाला संडासाची रांग लागते, तुमचा नंबर लावून ठेवते." मुलगी ओशाळली. मला दोघींचंही पटलं, आणि तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात घोळतंय.

मी वाड्यात वाढलोय. अकरा बिऱ्हाडं, चौकात एक हौद, एक नळ. आमच्या दोन खोल्या आणि महिना बावीस रुपये भाडं. कडीपाटातून माती पडायची म्हणून आई ताटावर ताट झाकून ठेवायची. दर मे महिन्यात दारावर 'धोकादायक' अशी नोटीस चिकटायची आणि दर दिवाळीला तिच्यावरून रंगाचा हात फिरायचा. त्यामुळे वाड्याच्या आठवणींनी ज्यांचा गळा दाटून येतो, त्यातले बहुतेक कोथरूडला राहायला गेलेले असतात, हे मी फार खेदाने नमूद करतो. (मीही कोथरूडलाच राहतो.)

मालकाला शिव्या घालणं सोपं आहे. आमचे मालककाका वरच्या मजल्यावर राहायचे आणि सगळ्या बिऱ्हाडांचं भाडं गोळा करून कौलं शाकारणाऱ्याची मजुरीही निघत नसे. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली ती गोठलीच. नव्या कायद्याने २००० सालापासून वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. बावीस रुपयांवर चार टक्के म्हणजे अठ्ठ्याऐंशी पैसे. एवढ्यात सागवानी खांब कसा वाचवायचा? भाडेकरू दुरुस्ती करत नाही कारण घर त्याचं नाही, मालक करत नाही कारण घर त्याच्या हातात नाही. असे दोघेही वाडा पडायची वाट बघत एकाच जिन्याने वर्षानुवर्षं चढउतार करतात.

पेठा काही पहिल्यांदा बदलत नाहीयेत. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतले मातीविटांचे कितीतरी वाडे एका दिवसात विरघळले. माणसं सहकारनगर, गोखलेनगरला गेली, मागे राहिलेल्यांनी मिळेल तसं बांधलं. तेव्हा 'जुनं पुणं' असं काही गोठवून ठेवता येतं यावर माझा विश्वास नाही.

आणि कायद्याने गोठवलं की काय होतं तेही समोर आहे. शनिवारवाडा केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा वास्तूपासून शंभर मीटरच्या आत नवीन बांधकाम बंद, त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगी लागते. शंभर मीटरच्या आत दुरुस्ती करता येते, पण दुरुस्तीपलीकडे गेलेल्या वाड्याचं काय करायचं? टेकू लावायचा. पेशव्यांचा कोट राखण्यासाठी भोवतालच्या घरांनी टेकूवर उभं राहायचं, हे मला वारसाप्रेम वाटत नाही.

दुसऱ्या टोकाला भिडे वाडा. १८४८ साली फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली ती बुधवार पेठेतली वास्तू. वर्षानुवर्षं कोर्टकज्जा चालला, तोवर ती खिळखिळी झाली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेने ती पाडली. कशासाठी, तर तिथे स्मारक करायला. स्मारक व्हायलाच हवं. पण वीस वर्षं आधी कुणी छपराकडे बघितलं असतं तर वास्तू हेच स्मारक झालं असतं.

मग माझं म्हणणं काय? पेशव्यांच्या विश्रामबाग वाड्यासारख्या वास्तू एका बाजूला ठेवू. त्या राखायच्याच, आणि खासगी मालकीची तशी वास्तू असेल तर मालकाला टीडीआरचा, म्हणजे इथे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकता येण्याचा, कागद नुसता दाखवू नका, तो विकला जाऊन पावसाळ्याआधी पैसे हातात पडतील असं बघा. बाकीचे वाडे पडणार. पडू देत. आमच्या आईला पंचाहत्तराव्या वर्षी घरात स्वतःचा संडास मिळाला, त्याच्यापुढे कुठलीही नक्षीदार कमान मला थोर वाटत नाही.

पण पेठ म्हणजे वाडे नव्हेत, पेठ म्हणजे रस्त्याला लागून असलेला तळमजला. ओटा, त्याला लागून शिंप्याचं दुकान, पिठाची गिरणी, दिंडीतून दिसणारा चौक. सामाईक भिंतीला भिंत लावून घरं उभी. आता आपण काय करतो? कोथरूडच्या प्लॉटला शोभतील असे मार्जिनचे, म्हणजे इमारतीभोवती मोकळी जागा सोडण्याचे, नियम दोन-तीन गुंठ्यांच्या लांबोड्या जागेला लावतो. दोन इमारतींमध्ये एक फट उरते, तिथे मांजर आणि ड्रेनेजचा पाइप एवढेच राहतात. खाली खांबांवर पार्किंग. रस्त्यावरून चालताना एका बाजूला ओळीने बंपर दिसतात. मजले किती, यावर आपण दहा वर्षं भांडतोय. मला पाचाऐवजी सात मजले चालतील. मंडई आणि कसबा पेठेत आता जमिनीखाली मेट्रो थांबते, तिथे तरी दर घराखाली गाडी हवीच, हा हट्ट सोडता येईल की नाही? भिंतीला भिंत लावू द्या, रस्त्याकडचा तळमजला दुकानांना आणि ओट्याला द्या, गाड्यांसाठी पेठेत दोन-तीन सार्वजनिक वाहनतळ बांधा.

आई आता आमच्या वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहते. खूश आहे. पण संध्याकाळी खाली येते आणि दोन स्कूटरच्या मध्ये प्लास्टिकची खुर्ची टाकून मटार सोलत बसते. परवा वॉचमन म्हणाला, "आजी, जरा सरका, गाडी लावायचीय." ती उठली, गाडी लागली, ती परत बसली.

शेजारच्या वाड्याचा नकाशा आता मंजुरीला गेलाय. बिल्डर ओळखीचा आहे, म्हणून त्याला म्हटलं, पुढे निदान एक ओटा ठेव. तो हसला. "दादा, तेवढ्यात दोन गाड्या बसतात. तुमच्या इमारतीच्या वेळी दोन पार्किंग पाहिजेत म्हणून मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त कोण भांडलं होतं, आठवतंय का?"

आठवतंय. मीच.